संपातला एक कागद आणि लाईनीतली दोन घरं : सोलापूरच्या रेल्वे कुटुंबांचं एक प्रकरण

सुरुवातीला थोडं

सोलापूरच्या रेल्वे लाईन्समध्ये, म्हणजे रेल्वे क्वार्टरांच्या वस्तीत, एकेकाळी शेजारी राहिलेल्या दोन कुटुंबांचं हे प्रकरण आहे. दोन्ही घरांना विचारून लिहिलं आहे. नावं, क्वार्टरचे नंबर, नातेवाइकांची गावं काढून टाकली आहेत आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. पहिल्या घरातल्या बाईंना इथे आजी म्हटलं आहे, शेजारच्या घरातल्या बाईंना काकू. आजींची मुलं त्यांना काकूच म्हणतात.

जुन्या रेल्वे कुटुंबांचे कागद आणि आठवणी जमवायचं काम आम्ही काही जण सवड मिळेल तसं करतो. मे २०२४ मध्ये रेल्वेच्या देशव्यापी संपाला पन्नास वर्षं होणार होती. त्या निमित्ताने लाईनीतल्या जुन्या कुटुंबांना एकत्र बोलवायचं आणि घराघरांतल्या वस्तू मांडायच्या, असं ठरलं होतं. त्या तयारीत हा कागद वर आला.

पार्श्वभूमी

सोलापूरचा कामगार म्हटलं की गिरणी कामगार डोळ्यांपुढे येतो. १८७७ ची जुनी मिल, भोंगे, चाळी, मग १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. हे सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं पाहिजे. पण गिरणीच्या आधी इथे रेल्वे आली. जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) लाईन १८६० मध्ये सोलापूरला पोचली आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडून आलेल्या लाईनीला मिळाली. ज्यांच्या तीन-चार पिढ्या या लाईनीवर गेल्या अशी घरं सोलापूर, कुर्डुवाडी, होटगी या पट्ट्यात पुष्कळ आहेत. त्यांच्याबद्दल लिहिलेलं मात्र फार थोडं सापडतं.

मला याचं एक कारण दिसतं. रेल्वेची माणसं शहरात राहिली, पण शहराने त्यांना आपलं धरलं नाही. त्यांची वस्ती वेगळी, दवाखाना वेगळा, इन्स्टिट्यूट (कामगारांचा क्लब) वेगळी. बदली झाली की बिऱ्हाड उचललं. मालकसुद्धा त्यांच्या डोक्यावरून बदलत गेला. १९५१ मध्ये जीआयपीची मध्य रेल्वे झाली. २ ऑक्टोबर १९६६ ला सोलापूर विभाग नव्याने झालेल्या दक्षिण मध्य रेल्वेत गेला आणि कारभार सिकंदराबादहून चालू लागला. १९७७ च्या ऑक्टोबरात तो पुन्हा मध्य रेल्वेकडे आला. म्हणजे १९७४ च्या संपाच्या वेळी सोलापूरचे कामगार मुंबईच्या नव्हे, सिकंदराबादच्या मुख्यालयाखाली होते. मुंबईच्या संपाबद्दल लिहिणाऱ्यांच्या हातून सोलापूर निसटतं आणि सिकंदराबादच्या बाजूने पाहणाऱ्यांना ते मराठी मुलखातलं एक टोक वाटतं. मधल्यामध्ये इथल्या माणसांना कुणी विचारलंच नाही.

पहिल्या घरातले आजोबा १९४९ मध्ये लोको शेडला (इंजिनांच्या शेडला) क्लीनर म्हणून लागले. त्यांचे वडील गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे, होते. क्लीनरचे सेकंड फायरमन (इंजिनात कोळसा टाकणारे), मग फर्स्ट फायरमन, शंटर (यार्डात इंजिन चालवणारे), आणि शेवटी मालगाडीचे ड्रायव्हर, अशी त्यांची चढण. १९८८ मध्ये अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर ते रिटायर झाले आणि काही वर्षांनी गेले. शेजारच्या घरातले काका त्यांच्याहून लहान, १९७४ मध्ये फायरमन होते. पुष्कळदा दोघे एकाच इंजिनावर असायचे.

मालगाडीच्या ड्रायव्हरचं घर कसं चालायचं हे आजींच्या तोंडून ऐकण्यासारखं आहे. रात्री दीड वाजता कॉल बॉय दार वाजवायचा. कॉल बुकात सही घ्यायचा आणि पुढच्या दारी जायचा. ड्यूटीची वेळ दोन तासांवर आलेली असायची. तेवढ्यात आजी चूल पेटवून भाकरी थापायच्या, शेंगाचटणी बांधायच्या, पाण्याची कॅन भरून द्यायच्या. माणूस गेला की परत कधी येणार हे शेडलाही सांगता यायचं नाही. मालगाडी कुठल्याशा स्टेशनात लूपला (बाजूच्या रुळावर) टाकली, मेल-एक्स्प्रेस सोडत बसली, की चौदा-सोळा तास सहज जायचे. त्यात इंजिनापुढे कोळशाची धग आणि सोलापूरचा मे महिना. आजी म्हणाल्या, "पोरांना बाप झोपलेला दिसायचा. आवाज करू नका, एवढंच पोरं शिकली." क्वार्टरच्या खोल्या दोन. दिवसा झोपलेल्या माणसासाठी चार लेकरांना उन्हात बाहेर काढायचं, हे कामही आजींचंच.

कामाचे तास ठरवून द्या, ही मागणी अशा घरांमधून आली होती. त्याबरोबर बोनस, महागाई भत्ता आणि कॅज्युअल कामगारांना कायम करणं, या मागण्या घेऊन ८ मे १९७४ ला संप सुरू झाला. जॉर्ज फर्नांडिस यांना २ मे रोजीच लखनौत अटक झाली होती. सरकारने भारत संरक्षण नियमांखाली संप बेकायदा ठरवला, हजारोंना आत टाकलं, गाड्या चालवायला प्रादेशिक सेना आणली. ठिकठिकाणी संपकऱ्यांच्या कुटुंबांना क्वार्टरमधून बाहेर काढलं, पाणी आणि वीज तोडली. २७ मे रोजी संप बिनशर्त मागे घेतला गेला.

पेटी आणि कागद

आजोबांची लाईन बॉक्स घरात होती. काळ्या रंगाची पत्र्याची पेटी, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि हुद्दा, कडीला सुतळी. ड्यूटीवर जाताना ही पेटी इंजिनावर चढायची. रिटायर झाल्यावर तिच्यात कागद गेले. घर बदलताना नातीने ती उघडली. आत सर्व्हिस शीटची (नोकरीच्या नोंदींच्या कागदाची) नक्कल, नियमांचं पुस्तक, जुने पास आणि पीटीओ (सवलतीच्या तिकिटाचे कागद), रेशन कार्ड, मुलांच्या लग्नपत्रिका, दोन युनियनच्या पावत्या. आणि नियमांच्या पुस्तकात चारात घडी घातलेला एक अर्धा कागद. सायक्लोस्टाइल केलेला इंग्रजी मजकूर, मधल्या रिकाम्या जागा शाईने भरलेल्या, खाली आजोबांची मराठीत सही. आपण बिनशर्त कामावर रुजू होत आहोत आणि यापुढे बेकायदा संपात भाग घेणार नाही, असा त्याचा आशय. तारीख २० मे १९७४. संप मागे घेण्याच्या सात दिवस आधीची.

नातीने कागदाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि आम्हालाही पाठवला. तिला तो दुर्मिळ दस्तऐवज वाटला, आणि तो तसा आहेही.

अडचण

थोरला मुलगा १९७४ मध्ये बारा वर्षांचा होता. शाळेत त्याला पोरं 'फितूर' म्हणायची. पुढे तो स्वतः रेल्वेत खलाशी (मदतनीस कामगार) म्हणून लागला, तेव्हा लाईनीत बोललं गेलं की बापाने संप मोडला म्हणून पोराला नोकरी मिळाली. या बोलण्याला आधार नव्हता असं नाही. संपात न उतरलेल्यांना सरकारने 'लॉयल' ठरवून जादा वेतनवाढी दिल्या होत्या आणि त्यांच्या मुलांना नोकरीत घेण्याचंही धोरण होतं. थोरल्याने हे आयुष्यभर गिळलं. कागदाचा फोटो पाहून त्याने एवढंच लिहिलं : "जाळून टाका."

धाकट्याचा जन्म संपानंतरचा. त्याच्या मनातला बाप वेगळा होता. घरात मोर्चाचा एक फोटो होता, त्यात आजोबा पुढच्या रांगेत. वडील शेवटपर्यंत लढले असं तो मित्रांना, पोरांना सांगत आला होता. मेळाव्यात बोलायचंही त्याने कबूल केलं होतं. कागद बघितल्यावर त्याने फोन बंद करून ठेवला.

तिसरी बाजू शेजारच्या घराची. काका संपात शेवटपर्यंत राहिले. त्यांना चौकशीशिवाय नोकरीतून काढलं. रेल्वेच्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांतल्या नियम १४ चं दुसरं पोटकलम यासाठी वापरलं जायचं आणि लाईनीत लोक त्याला आजही 'फोर्टीन-टू' म्हणतात. १९७७ मध्ये जनता सरकार आलं, मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि काढलेले लोक परत घेतले गेले, तेव्हा काका पुन्हा इंजिनावर चढले. मधली तीन वर्षं या घराने कशी काढली हे मेळाव्यात यायलाच हवं होतं. काकू येणार होत्या. त्याच भिंतीवर आजोबांचा कागद लागला असता तर?

प्रश्न असा की हा कागद कुणाचा? सही करणारा माणूस हयात नाही. त्याने तो जाळला नाही, दाखवलाही नाही. जपून ठेवला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय थोरल्याचा होता : कागद नाहीसा करायचा. हा आम्हाला मान्य नव्हता आणि तसं आम्ही स्पष्ट सांगितलं. पण त्याच्यामागे एका बारा वर्षांच्या मुलाने सोसलेलं होतं, ते खोटं नव्हतं.

दुसरा पर्याय आमच्यातल्याच काही जणांचा. नाव झाकायचं आणि कागद मांडायचा. संपाचा इतिहास जेवढा नेत्यांचा आणि अटकांचा आहे तेवढाच सह्या करून परत गेलेल्या हजारोंचाही आहे, आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, असा त्यांचा मुद्दा. मुद्दा खरा होता. पण लाईनीत नाव झाकून काही झाकलं जात नाही. हुद्दा आणि तारीख वाचून जुनी माणसं दोन मिनिटांत घर सांगतील.

तिसरा पर्याय : कागद यंदा बाजूला ठेवायचा, मेळावा होऊ द्यायचा, मग सावकाश बघू. सोयीचा होता. याचा धोका असा की आजी तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या, काकू त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. सावकाश बघायला वेळ कुणाकडे होता?

चौथा पर्याय नातीने सुचवला. तोवर सगळे कागदाबद्दल एकमेकांशी बोलत होते. आजींना कुणी विचारलंच नव्हतं. मुलांना वाटत होतं तिला त्रास होईल. आमची समजूत होती की कागद इंग्रजीत, तिला त्यातलं ठाऊक नसणार.

काय केलं

आधी सर्व्हिस शीट नीट वाचली. हे काम कंटाळवाणं असतं. आद्याक्षरं, शिक्के, एकावर एक खाडाखोड. पण त्यात मे १९७४ समोर सेवाखंडाची (नोकरीत खंड पडल्याची) नोंद निघाली आणि काही वर्षांनंतर तो खंड माफ केल्याची दुसरी. त्याचा अर्थ सरळ आहे. आजोबा संपात उतरले होते, बारा दिवस बाहेर राहिले, आणि त्यांना 'लॉयल' धरलं गेलं नव्हतं. धरलं असतं तर खंड पडलाच नसता. थोरल्याच्या नोकरीचा कागदही त्याच पेटीत होता : १९८३ चा, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजकडून नाव जाऊन झालेल्या भरतीचा. चाळीस वर्षं लाईनीत जे बोललं गेलं ते दोन कागद शेजारी ठेवले की मोडून पडत होतं. आम्ही दोन्हींच्या नकला थोरल्याला पाठवल्या. उत्तर आलं नाही.

मग नात आणि आमच्यातली एक मैत्रीण आजींकडे गेल्या. मुलं नव्हती, माईक नव्हता. फक्त पेटी समोर ठेवली. आजींनी कागद हातात घेतला, उलटा धरून पाहिला आणि म्हणाल्या, "हा का? हा मीच त्यांच्याकडून करून घेतला."

त्यानंतर जे आलं ते आधी कुणीच ऐकलं नव्हतं. संपाच्या आदल्या रात्री आजोबा दूरच्या एका वस्तीवर गेले. बहुतेक रनिंग स्टाफ (गाड्यांवर काम करणारी माणसं) असाच पांगला होता, कारण घरी सापडला तर पोलीस धरून इंजिनावर चढवतील अशी भीती. कॉल बॉय रोज येत राहिला आणि आजी त्याला रोज सांगत राहिल्या, "गावाला गेलेत. सांगून गेले नाहीत." सही करायला माणूस नाही. रोज त्याच पायरीवर तेच उत्तर द्यायला काय लागलं असेल? संपात आजींची हजेरी कुठल्याच रजिस्टरला नाही, पण सोलापूरचा संप अशा दारांवर चालला होता.

थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. १४ मे रोजी बाळ झालं. त्याच आठवड्यात नळ बंद झाला, दिवे गेले, आणि क्वार्टर खाली करायचा निरोप आला. बाहेर ऊन असं की दुपारी पायरीवर पाय ठेववत नाही. बारा दिवस आजींनी तग धरला होता. बाळंतिणीला आणि पाच दिवसांच्या पोराला घेऊन रस्त्यावर बसायची वेळ आली तेव्हा त्या एसटीने वस्तीवर गेल्या. आजोबा यायला तयार नव्हते. "ते म्हणाले, बाकीचे काय म्हणतील? मी म्हटलं, बाकीचे पोर धरणार आहेत का? चला." दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडला जाऊन सही केली. क्वार्टर राहिलं.

"मग हे सांगितलं का नाही कधी?" नातीने विचारलं. आजी म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं असतं तर बायकोचं ऐकलं म्हटले असते. मी सांगितलं असतं तर त्यांचं काय राहिलं असतं?"

दोघांनी मिळून हे चौदा वर्षं, रिटायर होईपर्यंत, कडेला ठेवलं. आजोबा लाईनीत फितूर ठरले आणि गप्प राहिले. बायकोचं नाव त्यांनी येऊ दिलं नाही.

आजी म्हणाल्या, लावा कागद, मी सांगते. इथे थांबता आलं असतं. हक्क त्यांचा, संमती त्यांची, गोष्ट त्यांची. तरी आम्ही काकूंकडे गेलो. आजींची कबुली ऐकायला काकू समोर बसलेल्या असणार होत्या आणि त्यांना ते तिथे पहिल्यांदा कळावं हे योग्य नव्हतं.

काकूंना सगळं माहीत होतं. कागदाचंही आणि बाळंतिणीचंही. त्यांच्या बोलण्यात राग आजोबांवर नव्हता, आजींवरही नव्हता. त्यांचं म्हणणं निराळं होतं. "त्यांचा कागद आहे, तो लावाल. आमच्या ह्यांना परत घेतल्याचा कागद आहे, तोही लावाल. माझी तीन वर्षं कुठल्या कागदावर आहेत?"

क्वार्टर गेल्यावर काकूंचं बिऱ्हाड पूर्व भागात एका खोलीत गेलं. तिथल्या तेलुगू बायकांनी त्यांना विड्या वळायला शिकवलं. काकूंच्या नावाचं विडी कामगाराचं कार्ड नव्हतं. दुसऱ्या बाईच्या कार्डावर त्या पत्ती आणि तंबाखू घ्यायच्या आणि हिशेबात जे सुटेल ते घ्यायच्या. म्हणजे विडी कारखान्याच्या वहीतही त्या नाहीत आणि रेल्वेच्या सर्व्हिस शीटमध्ये तर नाहीतच. त्यांनी फडताळातून पत्ती कापायची कात्री काढून दाखवली. कडीला चिंधी गुंडाळलेली, कारण दिवसभर कापून अंगठ्याला फोड यायचे. त्या मापाचा पत्र्याचा तुकडा हरवला होता, पण बोटांनी हवेतच त्याची लांबी-रुंदी दाखवली आणि हातातल्या वर्तमानपत्राचा कपटा कापून, दोरा नसताना, विडी वळून दाखवली. पन्नास वर्षांनी हात थांबला नव्हता.

आणि मग ज्वारीची गोष्ट निघाली. संपानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात आजी दर पंधरवड्याला काकूंच्या खोलीच्या मागच्या दारी ज्वारीचं बोचकं ठेवून जायच्या. काकू म्हणाल्या, "दिली, खरं आहे. पण मागून दिली. पुढून आली असती तर मी घेतली नसती, आणि तिला ते माहीत होतं." हे त्यांनी रेकॉर्डिंगवर सांगितलं. दोन दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला : तो भाग काढा. आपल्या घरात त्या घरची ज्वारी शिजली हे चारचौघांत येऊ नये, असं त्याचं मत. काकू म्हणत होत्या, ठेवा. माझं तोंड आहे.

निर्णयाच्या जागा

तीन ठिकाणी आम्हाला अडून विचार करावा लागला.

कागद कुणाच्या परवानगीने मांडायचा, यावर कायद्याचं उत्तर सोपं होतं. पण एका कागदात दोन घरांचं आयुष्य असेल तर एका घराची सही पुरी पडत नाही, असं आम्ही ठरवलं. दुसऱ्या घराला नकाराधिकार दिला नाही. आधी सांगण्याची आणि त्यांचं म्हणणं मांडणीत घेण्याची हमी दिली.

ज्वारीच्या भागावर आई आणि मुलगा यांच्यात निवड करायची होती. आठवण आईची आहे, म्हणून शब्द तिचा. पण काकू मुलाकडेच राहतात आणि मेळावा संपल्यावर त्यांना त्याच घरात परतायचं होतं. तो भाग जसाच्या तसा जपून ठेवायचा, मेळाव्यात ऐकवायचा नाही, आणि पुढे कधी उघडायचा ते काकूंनी लिहून द्यायचं, असं ठरलं. इथे त्याचा उल्लेख आहे तो त्यांनी हा मजकूर ऐकून होकार दिल्यावर. मुलानेही नावं नसल्याने हरकत घेतली नाही.

तिसरी जागा कागदाचीच. आजी तयार असूनही मूळ कागद आणि त्याची नक्कल मेळाव्यात लावायची नाही, असा निर्णय झाला. काकूंचा मुद्दा आम्हाला पटला होता : कागद भिंतीवर लागला की लोक तेवढंच वाचतात. पन्नास वर्षं लाईनीत तेच झालं होतं.

काय निष्पन्न झालं

मेळाव्यात लाईन बॉक्स मांडली. शेजारी नाव झाकलेलं सर्व्हिस शीटचं ते पान, सेवाखंडाची आणि माफीची नोंद दिसेल असं. त्याला लागून काकांचं परत रुजू झाल्याचं पत्र आणि त्या पत्रावर काकूंची कात्री. आजी आणि काकू एका बाकावर बसून बोलल्या. आजींनी वस्तीवर गेल्याचं आणि सही करायला लावल्याचं स्वतः सांगितलं. काही जुनी माणसं उठून गेली. एका निवृत्त गार्डने उभं राहून सांगितलं की आपणही २२ तारखेला सही केली होती आणि हे बायको सोडून कुणाला माहीत नव्हतं. त्यानंतर आणखी दोघे बोलले. एका बाईंनी मात्र ठणकावलं की ज्यांनी सोसलं त्यांच्या दिवशी सही करणाऱ्यांचं कौतुक कशाला. त्यांचा संताप रास्त होता आणि तो नोंदवलेला आहे.

धाकटा आला, बोलला नाही. आईच्या मागे उभा राहिला. थोरला आला नाही. दिवाळीच्या सुमारास त्याने नातीकडे सर्व्हिस शीटच्या त्या पानाची स्वच्छ प्रत मागितली. कशासाठी ते सांगितलं नाही. कागद जाळण्याची भाषा पुन्हा केलेली नाही. दोन भावांचं बोलणं अजून तुटकच आहे.

वेगळं काय करता येईल

अशा कामात मेळाव्याची तारीख आधी धरली जाते आणि माणसं तिच्यामागे पळतात. पन्नास वर्षांचं निमित्त होतं म्हणून घाई झाली. निमित्त नसतं तर काकूंना विचार करायला आणखी सवड देता आली असती. ज्या घरांचं एकमेकांत अडकलेलं आहे तिथे तारीख सगळ्यात शेवटी ठरवावी.

घरातला कागद सापडला की तो ग्रुपवर टाकण्याआधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला दाखवावा. तिला वाचता येवो न येवो. रेल्वेचे बहुतेक कागद पुरुषांच्या नावाचे असतात आणि त्यांच्यामागे काय झालं हे बायकांना ठाऊक असतं. तिला मुलांसमोर विचारू नये. मुलांसमोर ती मुलांना झेपेल तेवढंच सांगते.

सर्व्हिस शीट मिळत असेल तर आठवणींच्या आधी ती वाचावी. आठवण खोटी पाडायला नव्हे. थोरल्याच्या नोकरीबद्दलची वदंता एका नोंदीने पुसली गेली, आणि ती नोंद चाळीस वर्षं त्याच्याच घरात, बापाच्या पेटीत होती. पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशाचा नंबर), बँकेचे आकडे, सह्या मात्र नकलेवर झाकाव्यात; आजीसारख्या कुटुंब पेन्शनवर जगणाऱ्या बाईला ते उघडे पडणं परवडणारं नाही.

संमती एकाच सहीत घेऊ नये. कागद जपायला एक, नक्कल दाखवायला दुसरी, आवाज ऐकवायला तिसरी, आणि प्रत्येक मागे घेता येईल अशी. काकूंसारख्या बाईला हे तोंडी, तिच्या भाषेत, दोनदा सांगावं.

आणि ज्यांच्याकडे कागदच नाही त्यांच्यापासून सुरुवात करावी. आम्ही पेटीपासून केली, कारण पेटी समोर होती. विड्या वळलेल्या, भाजी विकलेल्या, मुलांना मामाकडे धाडून गिरणीत पाळी केलेल्या किती जणी लाईनीतून बाहेर पडल्या आणि १९७७ नंतर परत आल्या, याची नोंद कुठल्याच कार्यालयात मिळायची नाही. ती माणसांकडेच आहे आणि ती माणसं ऐंशीच्या पुढे आहेत. नात आता त्या ओळीतल्या उरलेल्या घरांकडे जाते आहे. यादी काकूंनी करून दिली. पहिली तीन नावं वारलेल्या बायकांची निघाली, म्हणून तिने त्यांच्या मुलींना फोन लावायला घेतला आहे.